लिनक्सचे सिद्ध वितरण : निवड कशी करावी?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार थांबविला. त्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली बसविण्यास टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. शाळांतील, ग्रामपंचायतींतील व लहान कचेऱ्यांतील कित्येक संगणक या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा व कळफलक ठीक आहेत, परंतु त्यावरील प्रणालीला संरक्षण उरलेले नाही, अशी ही अवस्था आहे. या संगणकांचे आयुष्य आणखी काही वर्षे वाढविण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग म्हणजे लिनक्स होय. तथापि लिनक्स बसवावयाचे म्हटले की, लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : कोणते लिनक्स? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वितरण म्हणजे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. काटेकोरपणे बोलावयाचे तर लिनक्स हा केवळ प्रणालीचा गाभा आहे. यंत्राचे अवयव आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून कामाची वाटणी करणे एवढेच त्याचे कार्य. गाभ्याच्या भोवती अनेक साधने लागतात. त्यांपैकी पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. त्यावर पडद्यावरची मांडणी, लेखनाचा व हिशेबाचा कार्यक्रम, ब्राउझर, प्रिंटर चालविणारे सॉफ्टवेअर आणि हे सारे अद्ययावत ठेवणारी यंत्रणा इतके सर्व जुळवून जो एक संच तयार होतो, त्यास 'वितरण' म्हणतात. बोलण्यात त्याला 'डिस्ट्रो' असे म्हणण्याचा प्रघात आहे.

घर बांधण्याची उपमा येथे उपयोगी पडेल. चिरे, वाळू, लाकूड आणून स्वतःच्या कल्पनेप्रमाणे घर उभारता येते. बांधून तयार झालेल्या, विजेची व पाण्याची जोडणी असलेल्या घरात राहावयासही जाता येते. २००२ मध्ये सुरू झालेले आर्च लिनक्स हे पहिल्या प्रकारचे उदाहरण होय. त्यात मूळ प्रणाली बसल्यावर पडद्याच्या मांडणीपासून सर्व वस्तू वापरणाऱ्याने निवडून घ्यावयाच्या असतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही दुसऱ्या प्रकारची, म्हणजे सिद्ध वितरणे होत. ती बसविल्यावर पहिल्याच दिवशी पत्र लिहिता येते, छापता येते व इंटरनेट पाहता येते.

मध्यम तयारीचा वापरकर्ता

ज्याने कधी संगणक उघडलाच नाही तो नवशिका, आणि जो प्रणालीचे अंतरंग जाणतो तो तज्ज्ञ. या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसविणे, डिस्कचे भाग पाडणे, टर्मिनलमध्ये दोनचार आज्ञा देणे, अडचणीचा संदेश वाचून त्याचा अर्थ लावणे इतके या वर्गातील माणसाला येते. शाळेतील एखादे शिक्षक, कार्यालयातील एखादा कारकून, गावातील एखादा शिकलेला तरुण असे हे लोक असतात. भोवतालच्या सर्वांचे संगणक बहुधा त्यांच्याच हातून दुरुस्त होतात.

या वापरकर्त्याला अवघड वितरणही जमू शकते, आणि निवडीत चूक होते ती नेमकी येथेच. आपणास येते म्हणून तो आपल्या हौसेचे वितरण शाळेच्या दहा यंत्रांवर बसवितो. दोन वर्षांनी त्याची बदली होते. मागे राहिलेल्या शिक्षकांना त्या यंत्रांचे काही उमगत नाही. एखादे अद्ययावतीकरण अर्धवट राहते, यंत्रे बंद पडतात आणि 'लिनक्स चालत नाही' असा शेरा कायमचा बसतो. दोष लिनक्सचा नसून निवडीचा असतो. यास्तव स्वतःच्या घरच्या संगणकासाठी कोणतेही वितरण घ्यावे. परंतु जे यंत्र दहा जणांच्या उपयोगाचे आहे, त्यासाठी निवड करताना स्वतःची तयारी न पाहता आपल्यामागून येणाऱ्या माणसाची तयारी पाहावी. सिद्ध वितरणाचे खरे मोल येथे आहे.

पहिली कसोटी : आधाराचा काळ

प्रत्येक वितरणाच्या आवृत्तीला ठरावीक काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. तो काळ संपला की, विंडोज १० ची जी स्थिती झाली तीच त्या आवृत्तीची होते. म्हणून प्रथम हा काळ पाहावा.

उबुंटूचा आरंभ ऑक्टोबर २००४ मध्ये झाला. त्याची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये निघालेल्या २४.०४ या आवृत्तीचा हा काळ २०२९ पर्यंत आहे. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या आवृत्त्यांना मात्र केवळ नऊ महिने आधार असतो. नवी दिसली म्हणून तीच उतरवून घेणे शाळेला परवडणारे नाही. तसेच झुबुंटू, कुबुंटू आदी उपप्रकारांच्या दीर्घ आवृत्त्यांना पाचऐवजी तीन वर्षे मिळतात. लिनक्स मिंट हे उबुंटूच्या दीर्घ आवृत्तीवरच आधारलेले असल्याने त्यासही पाच वर्षे मिळतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे विस्तारित आधार असतो. फेडोराची आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते व सुमारे तेरा महिन्यांनी मावळते. म्हणजे वर्षातून एकदा तरी संपूर्ण प्रणाली पालटावी लागते.

याव्यतिरिक्त एक 'अखंड' प्रकार आहे. त्यात आवृत्त्या नसतात. नवे बदल सतत येत राहतात. आर्च, त्यावर आधारलेली मांजारो व एंडेव्हरओएस, तसेच ओपनसुसेचे टम्बलवीड ही त्याची उदाहरणे होत. नवे यंत्र व नवे सॉफ्टवेअर ज्यांना हवे, त्यांस हा प्रकार मानवतो. परंतु जे यंत्र सुटीत दोन महिने बंद राहते आणि जून महिन्यात एकदम उघडले जाते, त्याला हा प्रकार सोयीचा नाही. साठलेले शेकडो बदल एका दमात होताना अडथळा येण्याचा संभव वाढतो.

दुसरी कसोटी : पाया आणि पाठीमागची माणसे

वितरण कोणाच्या पायावर उभे आहे आणि ते चालविणारे किती जण आहेत, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे. आर्चवर आधारलेले अँटर्गोस हे एक देखणे सिद्ध वितरण होते. चालविणाऱ्यांना वेळ पुरेना, म्हणून मे २०१९ मध्ये ते बंद झाले. फ्रान्समधील मँड्रिव्हा एके काळी फार लोकप्रिय होते. त्याची कंपनी २०१५ मध्ये मोडीत निघाली. वापरणाऱ्यांना दोन्ही वेळा दुसरीकडे जावे लागले. याउलट डेबियन १९९३ पासून चालू आहे, आणि ते एका कंपनीच्या मालकीचे नसून जगभरच्या स्वयंसेवकांचे आहे. उबुंटूचा पाया डेबियनच, आणि मिंटचा पाया उबुंटू. उद्या उबुंटूचे काही झालेच तर काम अडू नये, म्हणून मिंटच्या मंडळींनी थेट डेबियनवर आधारलेली एक वेगळी आवृत्तीही चालू ठेवली आहे. ही दूरदृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मोठ्या प्रमाणावर झालेल्या दोन प्रयोगांतून याच गोष्टीचा बोध होतो. जर्मनीतील म्यूनिक शहराच्या नगरपरिषदेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला आणि 'लिमक्स' नावाचे स्वतःचे वितरण सिद्ध केले. सुमारे पंधरा हजार संगणकांपर्यंत ते पोहोचले. तरी २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे वळण्याचे ठरविले. त्यात राजकारणाचा भाग होता हे खरे. पण स्वतःचे वितरण सांभाळणे हे एकदाचे काम नसून दरवर्षीचे ओझे असते, हेही त्यातून दिसले. आपल्या देशात केरळ राज्याने २००१ मध्ये शाळांसाठी 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प सुरू केला व पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. २०१७ पासून हे कार्य 'काइट' या शासकीय कंपनीकडे आहे. त्यांचे वितरण उबुंटूच्या दीर्घ आवृत्तीवर आधारलेले असून त्यात शाळेला लागणारे कार्यक्रम व मल्याळम भाषेची सोय अगोदरच जुळवून दिलेली असते. त्याच्या जोडीला शिक्षकांचे प्रशिक्षण चालते. केरळचा प्रयोग टिकला तो या जोडीमुळे. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेनेही डेबियनवर आधारलेले 'बॉस' हे वितरण २००७ मध्ये भारतीय भाषांच्या सोयीसह प्रसिद्ध केले. ते निवडावयाचे झाल्यास त्यासही याच कसोट्या लावाव्यात.

तिसरी कसोटी : यंत्र आणि त्याची जोडसाधने

यंत्राची स्मृती किती, हे आधी पाहावे. लिनक्स मिंट दोन जीबी स्मृतीवर चालते. चार जीबी असल्यास काम सुखाने होते. उबुंटू २४.०४ च्या नेहमीच्या डेस्कटॉपसाठी चार जीबी सांगितली आहे. स्मृती कमी असेल तर एक्सएफसीई ही हलकी मांडणी असलेले मिंट किंवा एमएक्स लिनक्स घ्यावे. यंत्र फार जुने, म्हणजे ३२ बिटांचे असेल तर जपून असावे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ या आवृत्तीपासून अशा यंत्रावर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्राच्या वेगात जो फरक पडतो, तो वितरण बदलून पडत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जोडसाधनांत प्रिंटर, वायफाय आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ही तीन ठिकाणे विशेष अडचणीची. लिनक्समध्ये छपाईचे काम कप्स ही यंत्रणा पाहते, व पुष्कळ प्रिंटर तिला आपोआप ओळखू येतात. परंतु आपल्याकडील कचेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरला कॅप्ट पद्धतीचे वेगळे सॉफ्टवेअर लागते व ते बसविताना खटाटोप पडतो. वायफायच्या काही चकत्यांना मुक्त नसलेले सॉफ्टवेअर लागते. पूर्वी डेबियनमध्ये ते वेगळे आणावे लागे. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते स्थापनेच्या संचातच मिळू लागले. ग्रामपंचायतीचे जे यंत्र डिजिटल स्वाक्षरीसाठी वापरले जाते, त्याच्या टोकनचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळते काय आणि संबंधित शासकीय संकेतस्थळ ते स्वीकारते काय, याची खात्री झाल्यावाचून त्या यंत्राला हात लावू नये. एखाद्या कामास विंडोज आवश्यकच असेल, तर एक यंत्र त्यासाठी राखून बाकीची पालटावीत. त्यात कमीपणा नाही.

चौथी कसोटी : मराठी

वरील सर्व ठीक असूनही मराठी नीट लिहिता येत नसेल, तर ते वितरण आपल्या उपयोगाचे नाही. आज बहुतेक सिद्ध वितरणांत युनिकोड देवनागरी दिसते. टंकनासाठी आयबस ही योजना असते, आणि तिच्या जोडीला एम१७एन हा संच बसविला की, इनस्क्रिप्ट, फोनेटिक व गमभन या पद्धती मिळतात. काही वितरणांत हा संच अगोदर असतो, काहींत मागाहून घ्यावा लागतो. नोटो व लोहित हे देवनागरी फॉन्ट बहुधा सर्वत्र उपलब्ध असतात.

परीक्षेसाठी पुढील शब्द टंकून पाहावेत : 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना', 'दर्या' व 'दऱ्या', तसेच 'बाळ', 'कॅलेंडर', 'डॉक्टर'. पहिल्या दोन जोड्यांत रफार आणि अर्धा ऱ यांतील भेद पडद्यावर व कागदावर दोन्हीकडे स्पष्ट उमटला पाहिजे. नाहीतर विद्वानाचा स्वयंपाकी होईल. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' ही कळ दाबल्यास ऱ व शिफ्ट धरून 'एन' दाबल्यास ळ येतो. ल व श ही अक्षरे मराठी वळणाने दिसावीत अशी अपेक्षा असेल, तर फॉन्टमध्ये ती सोय असावी लागते आणि लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडावी लागते.

याहून गंभीर प्रश्न जुन्या कागदपत्रांचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेले मराठी लेख, निकालपत्रके, सभांची इतिवृत्ते कित्येक ठिकाणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या धारिकेत वस्तुतः इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. फॉन्टच्या मुखवट्यामुळे ते मराठी दिसतात, एवढेच. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की, सारा मजकूर निरर्थक चिन्हांची रांग बनतो. म्हणून अशी कागदपत्रे जुने यंत्र चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. शिवाय त्यांचा पीडीएफ नमुना किंवा छापील प्रत काढून ठेवावी. रूपांतर करणारा कार्यक्रम जोडाक्षरांत चुकतो. यासाठी माणसांची नावे व सर्वे क्रमांक मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावेत. दाखल्यातील एका नावाची चूक पुढे एखाद्या कुटुंबाला वर्षभर हेलपाटे घालावयास लावते.

काही वितरणांचा तौलनिक विचार

क्लेमेंट लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेले लिनक्स मिंट विंडोजच्या सवयीच्या माणसाला सर्वांत लवकर आपलेसे वाटते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी अशी त्याची सिनॅमन मांडणी आहे. जोडसाधनांचे सॉफ्टवेअर शोधून देणारा व्यवस्थापक आणि टाइमशिफ्ट हे साधन त्यात अगोदरच असते. शाळा व कचेरी यांच्यासाठी ही निवड सामान्यतः सर्वांत निर्धोक ठरते.

उबुंटूचा मोठा लाभ असा की, अडचण आल्यास तिचे उत्तर कोठेतरी लिहिलेले सापडतेच. मात्र त्याची ग्नोम मांडणी निराळी आहे. त्यातील काही कार्यक्रम स्नॅप या पद्धतीने येतात. ते आकाराने मोठे असल्याने मंद इंटरनेट असलेल्या गावी याचा विचार करावा. फेडोरा हे नव्या यंत्रासाठी व शिकण्याची आवड असलेल्यासाठी उत्तम, पण दर वर्षाच्या पालटाची तयारी हवी. डेबियन सर्वांत भरवशाचे. त्यातील सॉफ्टवेअर थोडे जुने असते आणि आरंभीची जुळणी थोडी हाताने करावी लागते. त्याचा स्थापना-कार्यक्रम मराठीतही चालविता येतो. हेच डेबियन अधिक सिद्ध स्वरूपात हवे असेल, तर एमएक्स लिनक्स पाहावे. ओपनसुसेत बीटीआरएफएस ही धारिका-व्यवस्था व स्नॅपर हे साधन असल्याने बिघडलेल्या अद्ययावतीकरणापूर्वीच्या स्थितीकडे परत जाता येते. मांजारो व एंडेव्हरओएस ही ज्याचे यंत्र त्याच्या एकट्याचे आहे, त्यानेच घ्यावीत.

निवडीची रीत

१. वितरणाची प्रतिमा त्याच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी व तिची एसएचए-२५६ बेरीज जुळवून पाहावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये घुसखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून एका आवृत्तीच्या जागी दूषित प्रत ठेवली होती. ही जुळवणी करणे दोन मिनिटांचे काम आहे.

२. पेन ड्राइव्हवरून प्रणाली 'लाइव्ह' स्वरूपात चालवावी. त्यात डिस्कवर काहीच लिहिले जात नाही. ध्वनी, वायफाय, प्रिंटर, प्रोजेक्टर आणि मराठी टंकन यांची एकेक परीक्षा घ्यावी.

३. सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत समजू नये.

४. प्रथम एकाच यंत्रावर स्थापना करून ते महिनाभर नेहमीच्या कामात वापरावे. परीक्षा, निवडणूक किंवा मार्चअखेर यांच्या तोंडावर हा उद्योग करू नये.

५. मग सर्व यंत्रांवर एकच वितरण, एकच आवृत्ती व एकच मांडणी बसवावी. दहा यंत्रांवर चार प्रकार असणे म्हणजे चौपट श्रम.

टाइमशिफ्टविषयी एक गैरसमज आढळतो, तो दूर केला पाहिजे. ते प्रणालीचे स्नॅपशॉट घेते. वापरणाऱ्याची कागदपत्रे ते मूळ जुळणीत वगळते. प्रणाली बिघडली तर ते उपयोगी पडते, परंतु डिस्क निकामी झाली तर विद्यार्थ्यांच्या गुणांची नोंद ते परत देणार नाही. त्यासाठी बाहेरच्या डिस्कवरील प्रत ठरल्या वारी घेणे हाच उपाय.

शेवटी, प्रत्येक यंत्राबरोबर एक साधी वही ठेवावी. वितरणाचे नाव, आवृत्ती, बसविल्याची तारीख, आधार संपण्याचे वर्ष, प्रिंटर कसा जोडला, मराठी टंकनासाठी काय बसविले आणि प्रत कोठे ठेवली आहे, इतक्या गोष्टी तीत मराठीत लिहाव्यात. परवलीचे शब्द मात्र त्या वहीत न लिहिता मुख्याध्यापक किंवा कार्यालयप्रमुख यांच्याकडे बंद पाकिटात द्यावेत. बदलीची आज्ञा आली की, ही वही व हे पाकीट कार्यभाराच्या इतर कागदांबरोबर सही घेऊन पुढील माणसाच्या स्वाधीन करावे. असे केले तर नवा माणूस पहिल्याच दिवशी यंत्र सुरू करू शकेल, आणि जुने यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या व ग्रामस्थांच्या उपयोगी पडत राहील.